ओली वीट

शाळा पाडली याचे मला दुःख झाले नाही. ज्या इमारतीत मी उभी हयात शिकवले, तिच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या आणि पावसाळ्यात दुसरीची मुले चौथीच्या वर्गात नेऊन बसवावी लागत. नवी शाळा उभी राहिली. जुनी पाडणे योग्यच होते. मला राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. पाडलेल्या शाळेचा मलबा गावाच्या बोडीत लोटून द्यावा, असा हुकूम वरून आला. बोडी म्हणजे आमच्याकडचे लहान तळे. तिच्या पाण्यावर गावाचे धान पिकते. हुकूम काढणाऱ्याने धान ताटात पाहिले असेल, शेताच्या बांधीत खचित पाहिले नव्हते. मी ग्रामसभेत उभी राहिले आणि बोडीत एक वीटही पडणार नाही असे सांगितले. पडली नाही.

पण नुसत्या नकाराने ढीग हलत नाही. शाळेच्या पटांगणात विटा, चुन्याच्या ढेपा आणि ओट्याच्या काँक्रीटचे तुकडे यांचा डोंगर पडून राहिला, आणि त्याच्या शेजारून जाताना प्रत्येक जण माझ्याकडे असा पाही, जणू तो मीच तेथे आणून टाकला होता.

त्या ढिगाचा उपयोग खुशालला सुचला. खुशाल आमच्याच वस्तीतला, माझ्याच हाताखाली शिकलेला. आता तो बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होता. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झालेला, सडकांची कामे जागोजागी निघालेली, आणि गिट्टी, म्हणजे सडकेची खडी, मात्र मिळेना, कारण वनाच्या नव्या कायद्याने जंगलातल्या दगडाच्या खदानी बंद पडल्या होत्या. आमच्या कोसमटोल्यापासून आरमोरीच्या सडकेपर्यंतचा रस्ता त्याच कारणाने वर्षानुवर्षे धूळ आणि चिखल यांतच राहिला होता.

"बाई," खुशाल एका सकाळी ढिगापुढे उभा राहून म्हणाला, "दगडाची गिट्टी दुरून आनावी लागते. हे तं इथीच पडून हाय. वीट अन् काँक्रीट फोडून, थोडी दगडाची गिट्टी मिसळून, डांबरात कालवली तं सडकेचा खालचा थर होते."

"होतो, की होईलसे तुला वाटते?"

"होते जी. पन करून दाखवावं लागन."

त्याच्या वरच्या उपअभियंत्याने हे म्हणणे ऐकून घेतले, तो हसला आणि त्याने अट घातली. गावाच्या तोंडाशी एक लहानसा तुकडा करून दाखवा; तो मला पटला तर साऱ्या रस्त्याचे काम तुमच्या बायांच्या मजूर संस्थेला, नाही पटला तर विषय संपला. डांबर तापवायची टाकी आणि रोलर एका दिवसापुरते मिळतील. हे उपअभियंता साहेब स्वतःही पाहायला एकदाच येणार होते.

या संस्थेची मी अध्यक्ष होते. तिच्यातल्या बहुतेक बाया मी शिकवलेल्या. काही वस्तीतल्या, काही पलीकडच्या जंगलटोल्यातल्या गोंड घरांतल्या. धान निघाले की या सगळ्यांच्या हातांना काम उरत नसे, आणि मग आंध्रातून मिरची तोडायला मजूर नेणारे ट्रक येत. त्यांत बसून गेलेल्या बाया उन्हाळ्यात परत येत, तेव्हा त्यांच्या बोटांची आग होत असे. काही येतच नसत.

माझा थोरला मुलगा आला नाही. तो बायकोमुलांसह तिकडेच एका मिरचीच्या गोदामावर राहिला. त्याचे पत्र येते, तो येत नाही. धाकटा श्रावण त्या वर्षी पहिल्या ट्रकने गेला. आता त्याची बायको सत्यशीला दुसऱ्या ट्रकची वाट पाहत होती. ती गेली की त्या दोघांनाही तिकडचे वारे लागणार आणि माझ्या घरात मी एकटी उरणार, हे मला दिसत होते. मी ते कोणाजवळ बोलले नाही. सुनेला 'थांब' म्हणणे माझ्या स्वभावात नव्हते. आणि नुसत्या माझ्या पेन्शनवर सारे घर चालणारेही नव्हते. तिने गाठोडे बांधून दाराशी ठेवले होते. दिवसातून कितीदा तरी मी त्याला ओलांडून आत-बाहेर करी आणि दर वेळी माझे पाऊल अडखळे.

"सडकेचं काम लागलं तं मी काऊन जाईन?" ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "पन लागन का? तुमच्या खुशालचं नुसतं बोलनंच हाय."

"खुशाल माझा विद्यार्थी आहे."

"मीबी तुमचीच व्हती, बाई. मले कुठी गणित आलं?"

ती हसली आणि भाकरी उलटली.

साहेबांनी दिवस नेमून दिला, आणि दुसरा ट्रकही त्याच दिवशी दुपारी यायचा होता. हे कोणी ठरवून केले नव्हते. तरी तो दिवस मुद्दाम आपल्यावरच चालून येतो आहे, असे मला वाटू लागले. मी जेवायला बसे आणि अर्ध्यावर उठे. पटांगणात बाया विटा फोडीत, त्यांच्यामागून मी फेऱ्या मारी. "हा तुकडा मोठा आहे. हा पुन्हा फोड. बोटे सांभाळ." शेवटी जंगलटोल्याची सोमारी हातोडी खाली ठेवून म्हणाली, "बाई, तुमी बसा न व जराशा. तुमी फिरता तं मले वाटते शाळा सुटलीच नाई."

आदल्या दिवशी दुपारी खुशालने बायांना शेवटच्या सूचना दिल्या. मी तेथेच होते आणि त्याचे शब्द मला नेमके आठवतात. "विटेवर मातीचा, चुन्याचा कन राहू नये. धूळ असली तं डांबर धरत नाई. एकदम स्वच्छ करून ठेवा." बायांनी माना हलवल्या. इतक्यात निरोप आला की रोलरवाला आरमोरीतच अडून बसला आहे. खुशाल टाकी आणवण्यात गुंतला होता. रोलरसाठी मी गेले. तो गृहस्थ खानावळीत जेवून सुस्तावला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, एवढेच केले. तो उठला. परत येताना मी रोलरबरोबरच आले. ते यंत्र माणसाच्या चालीनेही चालत नाही. गावात पोचेपर्यंत दिवे लागून विझले होते आणि माझ्या जिवाची तगमग त्या लोखंडी चाकाबरोबर इंच इंच पुढे सरकत होती.

सकाळी उठले ती थेट पटांगणात गेले. टाकीवरचा गडी चैतू याने टाकीखाली लाकडे पेटवली होती आणि डांबराचा वास सुटला होता. बाया साडीचे पदर खोचून तयार होत्या. गिट्टीचा ढीग मात्र मला ओळखू येईना. काल तो फिकट, भुरकट होता. आज तो गडद लाल होता, ताज्या कापलेल्या बिटासारखा. मी वाकून एक तुकडा उचलला. त्यातून पाणी गळले.

खुशाल टाकीजवळून आला, त्याने ढिगात हात घातला आणि तो तसाच उभा राहिला.

"हे कोणी केलं?" मी विचारले. माझा आवाज वर्गात चढत असे तसा चढला असावा, कारण बाया ओळीने गप्प झाल्या.

"सगळ्याईनं," सोमारी म्हणाली. "तुमी रोलर आनाले गेल्या तवा. बोडीवरून पितळी गुंडानं पानी आनलं अन् एकेक घमेलं धुतलं. मग रातभर भिजाले ठेवलं."

"भिजायला? भिजायला कशासाठी?"

"वीट कोरडी ठेवते का कोनी?" ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की जणू मी दोन आणि दोन किती असे विचारले. "गडचिरोलीले हापिसांच्या बिल्डिंगा बांधल्या तवा बिरजू मिस्त्री काय म्हने? कोरडी वीट सिमेंट पिऊन टाकते. न भिजवता वीट देली तं त्यानं तिथूनच घरी धाडलं असतं."

तिचे म्हणणे खरे होते. जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या राहत असताना या बायांनी तेथे विटा वाहिल्या होत्या, आणि कामावर शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे वीट हौदात बुडवल्याशिवाय मिस्त्रीच्या हाती द्यायची नाही. खुशालने स्वच्छ करा म्हटले, त्यांनी धुतले. वीट लागायची आहे म्हटले, त्यांनी भिजवली. भिंतीसाठी यापेक्षा चोख काम कोणी केले नसते.

खुशालने टाकीतून पळीभर तापलेले डांबर घेतले आणि ओल्या तुकड्यांवर ओतले. ते उतू जाणाऱ्या दुधासारखे फसफसून वर आले, पांढरी वाफ उठली आणि बाया मागे सरल्या. फेस बसल्यावर त्याने एक तुकडा उचलून नखाने खरवडला. काळी साल सुटून आली. आत वीट लालच होती.

"भिंतीले पानी पाह्यजे," तो म्हणाला, "डांबराले नाई. पानी आत राह्यलं तं डांबर विटेले धरतच नाई. चूक माहीच हाय जी. मी कोरडं म्हनाले पाह्यजे होतं."

"चूक नंतर वाटून घेऊ," मी म्हणाले. "पण भिजवायचे आधी कोणाच्या डोक्यात आले?"

ढिगाच्या पलीकडून आवाज आला.

"माह्या, बाई."

सत्यशीला उभी होती. तिच्या पापण्या सुजल्या होत्या आणि हातांची बोटे पाण्याने पांढरी पडली होती. "ह्या आठ वाजता घरी जाऊन राह्यल्या व्हत्या. मीच म्हटलं, नुसतं धुऊन होत नाई, भिजली पाह्यजे. साहेब येनार हाय, तं काम अर्धवट नोको दिसाले."

तिला चार शब्द सुनवावे म्हणून मी तोंड उघडले होते. ते तसेच राहिले. जिचे गाठोडे दाराशी बांधून ठेवले आहे, ती अंधारात बोडीच्या वाटेने पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन खेपा घालीत नाही. ते गाठोडे मी इतके दिवस चुकीचे वाचले होते. आता या ओल्या ढिगावर काय काय टांगले आहे, हे मला नीट कळले.

साहेबांची जीप याच वेळी पटांगणात शिरली. साहेब उतरले, त्यांनी ढीग पाहिला, खुशालचे म्हणणे ऐकले आणि घड्याळ पाहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. घाईत असलेले गृहस्थ होते.

"ओता," ते म्हणाले. "आता काय करणार? टाकी आणि रोलर उद्या सिरोंच्याच्या सडकेला जायचे आहेत. वरून काळं दिसलं की झालं. मी आत्ता शिफारस करतो, परवापासून बायांना काम लावा."

"आणि पावसाळ्यात?" मी विचारले.

"पावसाळ्यात कुठली सडक उखडत नाही, बाई? तोपर्यंत तुमचे तीन-चार महिने निघून जातील. तुम्हाला कामच हवं होतं ना?"

मला कामच हवे होते. ते नाकारता येत नव्हते. साहेबांनी माझ्यापुढे ठेवले होते ते नेमके मी मागितलेले होते. सत्यशीला राहील, श्रावण परत येईल, घरात दिवा लागेल. आणि त्यासाठी एवढेच करायचे होते की ओली वीट काळ्या सालीखाली झाकायची आणि मान खाली घालायची. मी ढिगाभोवती चालू लागले. उभे राहून मला विचार सुचत नाही. खुशाल माझ्याकडे पाहत होता, बाया पाहत होत्या, आणि सत्यशीला पाहत नव्हती. ती भिजलेल्या तुकड्यांतून एकेक, विटेपेक्षा कमी पाणी प्यायलेला काँक्रीटचा तुकडा निवडून बाजूला टाकीत होती.

ती सडक उखडली असती, तर लोक ओल्या विटेला नाव ठेवणार नव्हते. बायांच्या संस्थेने केलेली सडक उखडली म्हणाले असते. शाळा पाडून तिचे गोटे रस्त्यात घातले आणि रस्ताही गेला म्हणाले असते. आणि मग पुढच्या वर्षीही ट्रक आला असता, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

"ओल्या विटेवर डांबर पडणार नाही," मी साहेबांना सांगितले. "संध्याकाळपर्यंत वेळ द्या. जेवढी सुकेल तेवढीच घालू."

"मला सावली गावी जायचं आहे."

"जा. परतताना याच वाटेने या."

"आणि तोपर्यंत काही झालं नाही तर?"

"तर झाले नाही म्हणून लिहा. खोटे लिहू नका."

ते जीपमध्ये बसले. जाताना त्यांनी खुशालला खिडकीतून काहीतरी सांगितले. ते मला ऐकू आले नाही, पण खुशालचा चेहरा उतरला. त्याची नोकरी नवी होती.

जीप वळणाआड गेल्यावर मी बायांकडे फिरले. "जुन्या छपराच्या टिना कुठे आहेत?"

शाळेच्या छपराचे पत्रे भिंतीकडेला रचून ठेवलेले होते. ते काढले, दगडांवर मांडले, खाली जाळ केला आणि वर गिट्टी पसरली. पाण्याची वाफ धुरात मिसळून वर जाऊ लागली. सोमारी फावड्याने तुकडे उलटू लागली आणि स्वतःशीच हसली.

"मोहफूल भाजतो तसंच हाय," ती म्हणाली. "फरक इतलाच का हे खाता येत नाई."

"पोचूच्या खानावळीत देऊन पाहा," दुसऱ्या कोणीतरी म्हटले. "त्याच्या भजीपेक्षा मऊच लागन."

बाया हसल्या. मला हसू आले नाही. मी एका टिनापासून दुसऱ्या टिनाकडे जात होते. खुशाल अधूनमधून एक तुकडा हातोडीने फोडून आत पाही. लहान तुकडे कोरडे निघत; मोठ्यांच्या पोटात गडद गाभा तसाच राही, आणि तो दिसला की खुशाल तुकडा मागे फेकी. सूर्य डोक्यावर आला तरी वाळलेल्या गिट्टीची रास गुडघ्याएवढीही झाली नव्हती. सत्यशीला शेवटच्या टिनापाशी एकटीच बसली होती. धुराने तिचे डोळे गळत होते. ती मनगटाने ते पुसे आणि पुन्हा तुकडे उलटी.

दुपारी ट्रक आला.

त्याचा भोंगा मी आधी ऐकला आणि माझ्या हातातले फावडे थांबले. मजूर गोळा करणारा वारलू केबिनमधून उतरला. हा वारलू आमच्याच भागातला. बोलण्यात गोड, आणि ट्रक भरेपर्यंतच गोड.

"चला व बायाहो!" तो ओरडला. "अजून पंधरा जागा हायेत. हे काय चालू हाय? विटा शिजवून राह्यल्या का?"

"तुले वाढू का ताटात?" सोमारी म्हणाली.

"वाढ न. मिरचीसंगं खातो." तो आमच्याकडे आला. "सत्यशीला, तुया नवऱ्यानं सांगून धाडलं, जागा धरून ठेवजो म्हनून. गाठोडं कुठी हाय?"

दोन बाया उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी टिनाखालचा जाळ पुढे ओढून ठेवला, हात झटकले आणि घराकडे निघाल्या. त्यांच्या घरी लहान मुले होती, आणि माझ्या हातात त्यांना द्यायला काही नव्हते. मी त्यांना अडवले नाही.

मग मी वारलूकडे वळले. 'सत्यशीला येणार नाही' हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होते. अशी वाक्ये माझ्या ओठांवर नेहमीच तयार असतात आणि आजवर ती कोणी मोडलेली नाहीत. पण ते मी बोलले असते, तर ती राहिली असती ती माझ्या हुकुमाने, आणि हुकुमाने राहिलेले माणूस दारातल्या गाठोड्यासारखेच असते. मी तिच्या टिनापाशी गेले.

"सत्यशीला," मी म्हणाले. "काम लागेलच असे मी सांगू शकत नाही. तू राहिलीस तर मला बरे वाटेल."

साऱ्या बाया ऐकत होत्या.

तिने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काजळी होती आणि डोळ्यांखाली दोन स्वच्छ रेघा उतरल्या होत्या.

"हे तुमी काल बोलल्या असत्या," ती म्हणाली, "तं मी येवढं पानी कशाले वाहलं असतं?"

सोमारीने तोंडावर पदर धरला. सत्यशीला वारलूकडे वळली. "श्रावणले सांगजो, मी इथी सडकेवर हाव. काम लागलं तं त्याले बोलावतो, नाई लागलं तं पुढच्या ट्रकनं येतो. आता जा, तुह्या ट्रकचा धूर अन् आमचा धूर एकाच जागी नोको."

"पुढचा ट्रक येते का नाई कोनाले मालूम!" वारलू म्हणाला.

"तं मग तूबी काऊन इतला भोंगा वाजवतो?"

वारलू पुटपुटत गेला. त्या दोन बायांची गाठोडी वर चढवली गेली. ट्रक वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी पाहत राहिले, आणि मग लगेच टिनाकडे परत आले, कारण आता एक क्षणही वाया घालवणे मला सहन होत नव्हते.

उन्हे कलली तेव्हा खुशालने वाळलेली गिट्टी दगडाच्या गिट्टीत मिसळली. साऱ्या रुंदीला ती पुरणार नव्हती. "अर्धीच पट्टी करू," तो म्हणाला, "बैलबंडीचं एक चाक जाईल येवढी." चैतूने डांबर सोडले. या वेळी ते फसफसले नाही. काळे, जड, चमकदार असे तुकड्यांना बिलगत गेले. बायांनी घमेली भरभरून टाकली, खुशालने फळीने सारखे केले, आणि रोलरवाल्याने, ज्याला मी कालपासून एकही गोड शब्द बोलले नव्हते, त्या पट्टीवरून यंत्र इतक्या हळुवारपणे नेले की मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

साहेब दिवेलागणीच्या सुमारास परत आले. त्यांनी जीपचे दिवे त्या पट्टीवर रोखले.

"एवढीच?"

"कोरडी एवढीच होती," मी म्हणाले.

ते उतरले. त्यांनी बुटाची टाच मारून पाहिली. मग ड्रायव्हरकडून पेचकस घेतला आणि कडेला एका विटेच्या तुकड्याखाली तो घालून जोर केला. तुकडा हलला नाही. त्यांनी दुसरीकडे पाहिले, तेथेही हलला नाही. तिसऱ्या ठिकाणी तो थोडा उचकटला; साहेबांनी तो हातात घेऊन फोडला आणि आतला रंग दिव्यात धरला. आत तो कोरडा होता.

"कडेला रोलर नीट बसला नाही," खुशाल म्हणाला.

"हं." साहेबांनी पेचकस ड्रायव्हरला परत दिला. "पूर्ण रस्त्याचं मी आज सांगू शकत नाही. तुमचा हा ढीग संपेपर्यंत करा. टाकी आणि रोलर सिरोंच्याहून आले की तुमच्याकडे पाठवतो. नंतरचं पावसाळा बघून ठरवू." आणि जीपकडे जाता जाता, "बाई, विटा भिजवू नका."

जीप गेली. बाया एकदम बोलू लागल्या. सोमारी विचारीत होती, ढीग कितीक दिवस पुरेल. कोणी म्हणाली होळीपर्यंत, कोणी म्हणाली त्याच्याही पुढे. सत्यशीला पट्टीच्या कडेला बसून हाताने तिची ऊब पाहत होती. मला तिच्याशेजारी बसावेसे वाटत होते. पण त्याच वेळी आरमोरीच्या बाजारातून देवराव आपली बंडी घेऊन आला आणि बैल थेट काळ्या पट्टीकडे वळले.

"थांब!" मी हाक दिली. देवरावाने कासरा ओढला. "आत्ताच नको. गरम आहे."

"घरी जेवन थंड होऊन राह्यलं, बाई."

"होऊ दे."

तो बिचारा थांबला. खुशालने हात टेकवून पाहिले आणि मान हलवली, तेव्हा मी बंडीला वाट दिली. लोखंडी धावेचे उजवे चाक पट्टीवर चढले, कुरकुरले आणि पलीकडे उतरले. मी वाकून पाहिले. एक उथळ रेघ होती. याहून काही नाही.

"देवराव, बंडी फिरव. पुन्हा ये."

"पुन्हा?"

"पुन्हा."

तो आला, गेला. मी त्याला तिसऱ्यांदा वळवले. बैल आता माझ्याकडे रागाने पाहत होते.

"बाई," सत्यशीला बसल्या जागेवरून म्हणाली, "येका दिवसात किती परीक्षा घेता तिची? घरी चला. मले भूक लागली."

"तू पुढे हो. चूल पेटव."

"अन् तुमी?"

देवरावाची बंडी पुन्हा पट्टीवर चढत होती, आणि जेथून साहेबांनी तुकडा काढला होता त्या खळगीशेजारचा दुसरा तुकडा चाकाखाली किंचित हलल्यासारखा मला दिसला. मी पदर खोचला आणि तिकडे चालू लागले.